नकाराचा टप्पा

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला आहे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मीच स्केचपेननं काढलेला. मध्ये एक मोठं वर्तुळ आणि त्याच्या कडेनं टप्पे: नेहमीचं जग, हाक, नकार, मार्गदर्शकाची भेट, उंबरठा, परीक्षा, मरणाशी गाठ, अमृत आणि शेवटी परत घर. जगातल्या बहुतेक अद्भुत कथांचे नायक याच वाटेनं जाऊन येतात, असं जाणकार सांगतात. मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. राक्षस, मंतरलेली तळी, बोलणारे प्राणी हा माझा माल. हा तक्ता समोर नसला तर माझा नायक दुसऱ्याच प्रकरणात रस्ता चुकतो. कॉलेजातले सहकारी म्हणतात, हा लातूरकडचा माणूस, याचं पॅटर्नशिवाय पान हलत नाही. म्हणू देत.

पण माझ्या लिखाणाची खरी परीक्षा तक्त्यापुढं होत नाही, ती फोनवर होते. माझी थोरली बहीण, अक्का, जळकोटजवळच्या आमच्या गावीच राहते. तिचं लग्न गावातल्याच आतेभावाशी झालं, त्यामुळं माहेर आणि सासर यांच्यामध्ये फक्त बुद्धविहार आणि दोन गल्ल्या. पुष्कळ वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. आता घरी असते. माझं एक प्रकरण लिहून झालं की दुपारी तीननंतर मी तिला फोन लावतो आणि वाचून दाखवतो. ती फोन रिकाम्या तांब्यात उभा करते, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि सुपात डाळ घेऊन निवडत बसते. पहिल्या पुस्तकापासूनचा हा रिवाज आहे. तिनं ऐकल्याशिवाय एकही प्रकरण मी प्रकाशकाकडं पाठवलेलं नाही, आणि पाठवायची हिंमतही होत नाही.

ऐकताना ती गप्प मात्र बसत नाही. अशा कथांत पात्रंही ठरलेली असतात. एक पांढऱ्या दाढीचा मार्गदर्शक असतो. उंबरठ्यावर अडवणारा एक राखणदार असतो. एक सोंगाड्या, एक रूप पालटणारा, आणि नायकाच्या वाटेत पसरलेली एक काळी सावली. अक्कानं यातल्या एकालाही कधी सुखानं जगू दिलं नाही.

"ह्यो म्हातारा नुसता सांगूनच राहिला. त्याला सवताचं काम हाय का न्हाई?" हे मार्गदर्शकाबद्दल.

राखणदार आला की म्हणायची, "ह्याला वळखलं मी. कचेरीत खिडकीच्या मागं बसतंय ते. उद्या या म्हनतंय."

आणि सावलीच्या राजाबद्दल, ज्याच्यावर मी तीन आठवडे घाम गाळला होता, तिनं एवढंच विचारलं, "ह्यो जेवतो कवा? अन् त्याला करून कोन घालतं?"

मी वैतागायचो. मग मुकाट्यानं सावलीच्या राजाच्या महालात स्वयंपाकघर बांधायचो, आणि ते प्रकरण सगळ्यांत चांगलं निघायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुढच्या पुस्तकात गोठाही बांधायला लावला असता.

गेल्या वर्षी मी जी कादंबरी लिहीत होतो, तिच्यात एका नदीचा आवाज चोरीला जातो. नदी वाहते, पण मुकी. काठावरच्या गावातला एक मुलगा तो आवाज परत आणायला निघतो. नऊ प्रकरणं झाली होती आणि नऊही अक्काच्या सुपातून पाखडून झाली होती. त्याच सुमाराला तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. भाचा तिला घेऊन कंधारमार्गे एसटीनं नांदेडला आला आणि माझ्या घरी सोडून शेताच्या कामासाठी परत गेला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, वाकू नका म्हणाले, डोळ्यात थेंब टाकायला सांगितलं. थेंब माझी बायको टाकायची. मी टाकायला गेलो की ते गालावर पडायचे.

दर रविवारी सकाळी एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर मी कॉलेजच्या मुलामुलींना गोष्ट कशी रचायची ते सांगतो. वीस-बावीस जण येतात. त्या रविवारी अक्का म्हणाली, "मला बी यिऊ दे. भित्ताडाकडं बघून बघून बेजार झाले." मी ऑटो केला, तिला हाताला धरून जिना चढवला आणि शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसवलं. डोक्यावर पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर पिशवी. मला फार बरं वाटलं. ती मला शिकवताना पहिल्यांदाच ऐकणार होती, आणि ती ऐकतेय म्हणून मी जरा फुगूनच बोलत होतो.

नायकाला हाक येते, तो आधी नाही म्हणतो, मग कुणीतरी त्याला धीर देतं आणि तो उंबरठा ओलांडतो, इथवर मी आलो. तेव्हा पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, समजा तो नाहीच म्हणाला. शेवटपर्यंत. मग?"

प्रश्न चांगला होता. उत्तर म्हणून मी आमच्या घरातला जुना किस्सा सांगितला. तो आमच्याकडं लग्नाकार्यात, पाहुण्यांत, पोरांच्या निकालाच्या दिवशी हमखास निघतो. अक्का बारावी झाली आणि मी दहावी, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. अक्काला लातूरला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. सगळं ठरलं होतं. आणि एके दिवशी जेवताना ही पाटावरून म्हणाली, "मला न्हाई जायचं. लातूर लई मोठं हाय, मला भ्याव वाटतं. रस्ता वलांडता येत न्हाई मला." बाबांचा घास हातातच राहिला. मी मात्र त्याच उन्हाळ्यात पेटी उचलून अकरावीला लातूरला गेलो, भ्यालो, रडलो, शिकलो आणि आज इथं उभा आहे. असं सगळं मी रंगवून सांगितलं. रस्ता ओलांडायला भिणाऱ्या अक्काची नक्कलही केली. मुलं खूप हसली.

मग मी म्हणालो, "हाक नाकारून जी घरात राहते, तिची गोष्ट होत नाही. ती दुसऱ्याच्या गोष्टीतलं पहिलं पान होते." हे वाक्य मला आवडलं. मुलांनी वह्यांत लिहून घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी शेवटच्या रांगेकडं हात करून म्हणालो, "आणि त्या अक्का आज आपल्यातच बसल्या आहेत."

सगळ्या माना मागं वळल्या. अक्का तोंडाला पदर लावून हसली. किस्सा निघाला की ती नेहमी अशीच हसायची. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळं वरचं काही दिसलं नाही.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "ती म्होरं बसलेली पोरगी हुशार हाय." बाकी काही नाही. तीन दिवसांनी भाचा येऊन तिला घेऊन गेला.

दहावं प्रकरण झालं तेव्हा मी फोन लावला. अक्का म्हणाली, "आता नगं. डोळ्याला तान द्यायचा न्हाई म्हनलाय डाक्टर." मी बरं म्हणालो. आठवड्यानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "अक्का, तुला वाचायचं नाही, ऐकायचं आहे." ती म्हणाली, "हाव, पर डोकं जड व्हतंय. तूच बग अन् दे छापाया." आणि फोन ठेवला. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "डोळ्याच्या ऑपरेशननं कान गेलेले मी पहिल्यांदाच बघतेय." मग हातातलं काम बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुम्ही त्या रविवारी वर्गात काय बोललात?" मी सांगितलं. नक्कल सोडून सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं जे बघितलं त्यानं मला नक्कलही सांगावी लागली.

मी स्वतःची समजूत काढली. किस्सा जुना आहे, ती स्वतः तो सुनेला सांगते, हसते. पण वीस-बावीस परक्या पोरांना माना वळवायला लावून ती दाखवायची गरज नव्हती, हे मला कळत होतं. मला माझी लाज वाटली. आणि लाज वाटली की लेखक माणूस जे करतो तेच मी केलं. माफी मागायची सोडून लिहायला बसलो. नदीकाठच्या मुलाला मी एक थोरली बहीण दिली, तिच्या हातात चांदीच्या मुठीची तलवार दिली आणि तिच्याकडून आवाज चोरणाऱ्याचे सात पहारेकरी मारवले. ते प्रकरण रेकॉर्ड करून भाच्याच्या मोबाइलवर पाठवलं.

दोन दिवसांनी त्याच मोबाइलवरून अक्काचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, एवढाच: "तिला तलवार कशाला दिलीस? तिला कोन मारायला आलंय?"

त्यानंतर काही नाही. कादंबरी पुढं सरकेना. अक्का ऐकत नाही तोवर मी काय लिहितोय हेच मला कळत नव्हतं. तलवारीचं प्रकरण खोडून टाकलं. सुट्टीच्या एका दुपारी विचार केला, आपली सगळ्यात पहिली हस्तलिखितं काढून बघू, तेव्हा ती काय काय बोलली होती ते मी कडेला टिपून ठेवत असे. ती हस्तलिखितं माळ्यावर, माझ्या लातूरच्या पेटीत होती.

त्या काळात आमच्याकडचं पोर शिकायला बाहेर निघालं की आधी पत्र्याची पेटी यायची. मग ती पेंटरकडं जायची. झाकणावर ऑइलपेंटनं पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि खाली जिथं राहायला जायचं तिथला पत्ता. पेटीवर नाव चढलं म्हणजे पोराचं जाणं पक्कं झालं, असं गाव मानायचं. शेजारपाजारचे येऊन झाकण वाचून जायचे. माझीही पेटी तशीच. हिरवी, आणि झाकणावर गडद निळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत माझं नाव. ता. उदगीर, कारण जळकोट तेव्हा तालुका नव्हता.

पत्रे तापणारा माळा, कितीतरी उन्हाळे. पेटी खाली ठेवून ओल्या फडक्यानं पुसली तर निळ्या पट्ट्याचा एक पोपडाच फडक्याबरोबर आला. मी हळहळलो. मग बघितलं तर खाली पत्र्याचा हिरवा रंग नव्हता. खाली पांढऱ्या रंगाची वेलांटी होती.

नखानं पोपडा आणखी उचलला. आधी "कु." निघालं. मग अक्काच्या नावाची तिन्ही अक्षरं. आडनाव आणि गाव दोघांचं एकच, ते जसंच्या तसं. माझ्या वसतिगृहाच्या पत्त्याखाली दुसरा पत्ता होता: मुलींचे वसतिगृह, लातूर.

मी तिथंच फरशीवर बसलो. ज्या मुलीला लातूरची भीती वाटत होती, तिची पेटी रंगवून तयार होती. झाकण अख्ख्या गल्लीनं वाचून झालं असणार.

मग बाकीचं आपोआप आठवत गेलं, आणि ते आठवणं फार वाईट होतं. त्या उन्हाळ्यात आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती आणि अंथरुणाला खिळली होती. घरात कुणीतरी राहणं भाग होतं. बाबांनी सरळ सांगितलं होतं की पोरगी जाईल, दोन वर्षांत मास्तरीण होईल, आणि मी गावाजवळच अकरावी करीन आणि आईकडं बघीन. आमचे बाबा तसे होते, पोरगी-पोरगा करणारे नव्हते. रुसलो होतो तो मी. दोन दिवस जेवलो नव्हतो, गोठ्यात जाऊन बसलो होतो, कुणाशी बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी मला ओढून पंगतीला बसवलं आणि त्याच जेवणात अक्का म्हणाली की तिला भ्याव वाटतं. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तरी इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना गोठा आणि आई दोन्ही वगळत आलो, आणि वगळतोय हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

लगेच फोन उचलला आणि ठेवून दिला. फोनवर बोलायची ही गोष्ट नव्हती. शनिवारी सकाळी पेटी घेऊन स्टँडवर गेलो. कंडक्टर म्हणाला, "सर, या वयात होस्टेलला का?" मी हसलो, पण हसू काही धड आलं नाही.

गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अक्का दारातल्या लिंबाच्या सावलीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. काळा चष्मा गेला होता. मला बघून म्हणाली, "न सांगताच आलास? जेवलास का?" मग तिची नजर पेटीकडं गेली आणि हातातली शेंग तशीच राहिली.

मी पेटी तिच्यापुढं ठेवली. ती वाकली, आणि डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिलीय का हे विचारायचं मला सुचलंही नाही. झाकणावरून तिनं हात फिरवला. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवावं तसं. स्वतःचं नाव, गाव, वसतिगृह.

"दिसतंय की स्वच्छ," ती म्हणाली. "डाक्टरचा हात चांगला हाय."

"अक्का, तुला जायचं होतं?"

"हाव. लई जायचं व्हतं."

मी चुकलो, वर्गात असं बोलायला नको होतं, असं काहीतरी पुटपुटलो. रडूही आलं, ते लपवलं नाही. ती म्हणाली, "हसल्याचं मला काय न्हाई रे. मीच हसवत आले समद्यांला, माझीच गोष्ट हाय ती. पर तू म्हनलास, हिची गोष्टच होत न्हाई. ते लागलं."

मी मान खाली घालून बसलो. घरातून सुनेनं पाणी आणून दिलं आणि काहीतरी ओळखून लगेच आत गेली. अक्कानं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. मग ती म्हणाली, "त्या नदीचं काय झालं? गावला का आवाज?"

"अजून नाही. तू ऐकल्याशिवाय कसा गावेल?"

"मंग वाच की. का नुसती पेटीच आनलीस?"

दहावं प्रकरण पिशवीत होतं. वही उघडली आणि वाचायला लागलो. मुलगा मुक्या नदीच्या काठानं चालतोय, पाणी दिसतंय पण ऐकू येत नाही, आणि घर मागं पडलंय. वाचताना मला जाणवलं, यात त्याच्या घरी कोण उरलंय ते मी एका ओळीतही लिहिलेलं नाही. अक्का ऐकत होती. तिचा एक हात पेटीच्या झाकणावर होता आणि अंगठ्याच्या नखानं ती माझ्या नावामागचा उरलेला निळा रंग खरवडत होती. मी वाट बघत होतो की आता ती काहीतरी म्हणेल, मुलाच्या चपलांबद्दल किंवा शिदोरीबद्दल. पान संपत आलं तेव्हा तिनं नेहमीसारखं मध्येच तोडलं.

"माझं नाव एका हातात झाकत न्हाई, निळ्या रंगाचे दोन हात मार, म्हनलं व्हतं मी त्या पेंटरला. तुझ्या खोलीतल्या पोरांनी पोरीचं नाव वाचलं असतं, तर तुला चिडवलं असतं."